राखणदाराचे जेवण कशात वाढता?

या पानावर आजवर भाताच्या बियाण्याविषयी, काजूच्या मोहोराविषयी, म्हशींच्या कासदाहाविषयी आणि मुलांच्या जंतांविषयी पुष्कळ लिहून झाले. घरच्या कुत्र्यामांजरांविषयी मात्र फारसे आले नाही, आणि आज तर आम्ही त्यांच्याही नव्हे, त्यांच्या जेवणाच्या भांड्याविषयी लिहिणार आहोत. हे वाचून काही वाचक हसतील. हसावे, पण पान उलटण्यापूर्वी एकदा उठून मागील दारी जावे आणि आपल्या कुत्र्यापुढे कसले भांडे आहे ते पाहून यावे.

आमचा फिरण्याचा योग बराच येतो. खानापूर तालुक्यातली खेडी, बेळगावच्या आसपासची भाजीची शेते, कधी घाट उतरून गोव्याकडे. कोणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत अंगणाकडे नजर जाते. कुत्र्यापुढे काय काय पाहिले म्हणून सांगावे? चेपलेले जर्मनचे भगुणे, रंगाचा रिकामा डबा, ट्रकच्या बॅटरीचे फोडलेले खोके, एके ठिकाणी तर मोटारसायकलचे जुने हेल्मेट उलटे ठेवून त्यात ताकभात घातलेला. आणि सर्वांत अधिक काय दिसते, तर फवारणीच्या औषधाचा कॅन, मधोमध कापून केलेली कुंडी. निळा, पांढरा, कधी हिरवा. एका अर्ध्यात कुत्र्याचे पाणी, दुसऱ्या अर्ध्यात कोंबड्यांचे.

याविषयी कोणाला काही म्हटले तर एकच उत्तर येते. ‘कुत्र्याला काय होतंय? आमच्या आज्याच्या वेळी कुठं होत्या ताटल्या?’

हे उत्तर नीट तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात निम्मे खरे आहे. आज्याच्या वेळीही कुत्र्याला घरातले टाकाऊ भांडेच मिळत असे. पण त्या वेळचे टाकाऊ म्हणजे काय होते? फुटक्या मडक्याचे खापर, नारळाची करवंटी, टवका उडालेला परळ, झिजलेला पाटा, नाहीतर कडा गेलेली दगडी डोणी. यांतले एकही भांडे विषारी नव्हते. माती, दगड आणि करवंटी, एवढाच त्या घरचा कचरा. आज आपल्या घरचा कचरा बदलला आहे. गोठ्यामागच्या ढिगात आता तणनाशकाचे कॅन, रंगाचे डबे, बॅटऱ्या, ग्रीसचे डबे आणि ऑइलचे कॅन आहेत. रीत तीच राहिली, वस्तू मात्र बदलल्या. कुत्र्याला टाकाऊ भांडे द्यायचे ही जुनी रीत चालू ठेवून आपण त्याला नकळत विषाच्या भांड्यात जेवू घालू लागलो.

दुसऱ्यांची घरे सांगत बसण्यापेक्षा आम्ही आमच्याच अंगणातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी वांग्यांवर फवारणी झाल्यावर पाच लिटरचा एक कॅन रिकामा झाला. चांगला जाड प्लास्टिकचा, टाकवेना. तो राखेने घासला, साबणाने दोनदा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला. मग उचलायला बरा पडावा म्हणून मूठ तशीच ठेवून तो उभा कापला आणि टिपूसाठी पाण्याची कुंडी केली. तीन आठवडे काही झाले नाही. एका सकाळी कुंडी घासताना ती उलटी झाली असावी, आणि पुन्हा पाणी भरले गेले. तासाभरात टिपूच्या तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या. डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. मग अंग थरथरू लागले, मागचे पाय लुळे पडले, श्वास घरघर वाजू लागला. गुरांचे डॉक्टर तालुक्याच्या गावी. गाडी मिळेपर्यंत टिपू गेला. त्याच कुंडीत चोच बुडवणाऱ्या तीन कोंबड्या दुपारपर्यंत मेल्या. संध्याकाळी कॅन पुन्हा उचलून पाहिला तेव्हा कळले. त्या कॅनची मूठ आतून पोकळ होती. आम्ही जे धुतले ते पोट. मुठीच्या पोकळीत औषध बसून राहिले होते, घट्ट झालेले, आणि त्या सकाळी ते पाण्यात उतरले.

त्या सकाळी घरातले दोन वर्षांचे मूल त्याच कुंडीत हात घालून पाणी उडवीत होते. आईने ओरडून उचलून नेले आणि चिखल लागला म्हणून हातपाय साबणाने धुतले. एवढ्यावरच ते निभावले. हे आम्ही आज लिहितो आहोत खरे, पण त्या वेळी आठ दिवस घरात कोणी कोणाशी त्याविषयी बोलले नाही.

आता हे विष काम कसे करते ते थोडक्यात सांगावयास हवे. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी जी कीटकनाशके आपण वापरीत आलो, त्यांचा एक मोठा वर्ग मज्जातंतूंवर घाव घालतो. शरीरात मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचला की तो निरोप पुसून टाकणारे एक द्रव्य असते. हे विष त्या द्रव्यालाच बांधून ठेवते. निरोप पुसला जात नाही, स्नायू आणि ग्रंथी थांबत नाहीत. म्हणून लाळ, म्हणून घाम, म्हणून थरथर, आणि शेवटी श्वास. किड्यात जे होते तेच कुत्र्यात, तेच कोंबडीत आणि तेच माणसात. किडा मरतो आणि कुत्रा वाचतो तो केवळ मात्रेच्या फरकाने. भांड्याच्या बुडाशी राहिलेले विष पाणी मिसळून पातळ केलेले नसते. पंपात जाण्यापूर्वीचे, मूळचे कडक असते. शिवाय प्लास्टिक काही प्रमाणात ते शोषून घेते, झाकणाच्या आट्यांत आणि सांध्यांत ते बसते. राखेने घासून ते जात नाही.

आपल्या भाषेचाही यात थोडा दोष आहे, असे आमचे मत आहे. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो. औषध मारले, औषध आणले, औषधाचा डबा. विषाला औषध म्हणायची सवय लागली की त्याच्या डब्याची भीतीही जाते. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण कॅन कापला, चिठ्ठी निघाली, की त्रिकोण गेला आणि राहिली ती नुसती एक कुंडी. घरात नवीन आलेल्या सुनेला ती कशाची होती हे कोणी सांगत नाही.

ज्यांना वाटते की हे कुत्र्यापुरतेच आहे, त्यांनी बिहारमधील सारण जिल्ह्याची गोष्ट आठवावी. १६ जुलै २०१३ रोजी तेथील धर्मसती गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत मुलांना दुपारचा भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी वाढली गेली. २३ मुले दगावली. तपासणीत अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेल ज्या भांड्यात ठेवले होते ते पूर्वी कीटकनाशकाचे असावे, असे सरकारी अधिकाऱ्यांनी तेव्हाच सांगितले होते. तेलाला निराळाच वास येतो, असे स्वयंपाक करणाऱ्या बाईने म्हटले होते, असेही वर्तमानपत्रांत आले. एका डब्याचा एवढा परिणाम. तो डबा कोणाच्या तरी घरी आधी कशासाठी तरी ‘चांगला आहे, टाकवत नाही’ म्हणूनच ठेवला गेला असणार. डबा आज कुत्र्याच्या पाण्याला ठेवला तर उद्या कोणी त्यात रॉकेल भरेल, परवा बी ठेवील, आणि एखाद्या दिवशी तेल.

कायदा याविषयी काही म्हणत नाही असे नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामी वेष्टने बाहेर पडू देऊ नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. आपल्यापैकी किती जण तसे करतात? भंगारवाला दारात आला की आठ-दहा कॅन त्याच्या पोत्यात जातात, आणि तो ते कोणाला विकतो हे आपण विचारीत नाही. आमचे म्हणणे असे की रिकामा कॅन फवारणीच्या ठिकाणीच तीनदा खळखळून धुवावा, ते पाणी ओढ्यात किंवा विहिरीकाठी न ओतता पंपातच घालून शेतात मारावे, आणि मग कॅनला खिळ्याने किंवा कोयत्याने भोके पाडावीत. भोक पडलेल्या कॅनची कुंडी कोणी करीत नाही, हाच त्यातला मोठा फायदा. जाळू मात्र नये. तो धूर घरातच येतो. पुरायचा तर विहीर, बोअर आणि ओहोळ यांपासून दूर.

आणखी एक गोष्ट. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. चांगले झाले. पण बंदी दुकानावर आली, माळ्यावर आली नाही. उसाच्या वेळी आणलेल्या फोरेटच्या डब्याची झाकणे आम्ही अजून मांजराच्या दुधाला वापरलेली पाहिली आहेत.

रंगाचा डबा आणि बॅटरीचे खोके यांत निराळे विष असते, शिसे. जुन्या तेलरंगांत ते भरपूर असे. बॅटरीच्या तर पट्ट्याच शिशाच्या. हे विष एका दिवसात मारीत नाही, साठत जाते. वासरू आंधळ्यासारखे भिंतीला डोके लावून उभे राहते, दात खाते, गोल गोल फिरते. कुत्र्याला उलट्या होतात, झटके येतात, आणि आपण म्हणतो पिसाळला. बॅटरीचे खोके चाटायला गुरांना आवडते, हे गुराख्यांना ठाऊक आहे. ते गोठ्यात किंवा अंगणात असूच नये.

मग भांडे कोणते चांगले? येथे आमची पसंती सरळ सांगतो. पाण्यासाठी मातीचे किंवा दगडाचे, जेवणासाठी स्टीलचे.

खानापूरच्या मातीची आणि तेथील कुंभारांच्या हाताची कीर्ती आपल्या भागात कोणाला सांगायला नको. ग्रामीण कुंभारकामाचे शिक्षण देणारी खादी आयोगाची संस्थाही येथेच आहे. त्या मातीचा रुंद, जाड बुडाचा परळ पाण्याला उत्तम. पाणी गार राहते, भांडे सहज कलंडत नाही, आणि फुटलेच तर मातीत मिळून जाते. जेवणाला मात्र कच्च्या मातीचे भांडे बरे नव्हे. ती सच्छिद्र असल्यामुळे माशाचे कालवण, मटणाचा रस्सा आत मुरतो, कितीही धुतले तरी आंबूस वास राहतो आणि मुंग्यांची रांग लागते. जत्रेत मिळणारी चकचकीत, रंगीबेरंगी मातीची भांडीही अन्नाला टाळावीत. काही स्वस्त झिलईत शिसे असते आणि ते आंबट पदार्थात उतरते.

दगडी डोणी ज्यांच्याकडे आजोबांपासून आहे त्यांनी ती मोडीत काढू नये. ती हलत नाही हा तिचा गुण आणि हलत नाही म्हणून कोणी धूत नाही हा तिचा दोष. नारळाची करवंटी मांजराच्या पिलांना छान. चार दिवसांनी चुलीत घालावी, दुसरी घ्यावी. इतके स्वस्त आणि इतके स्वच्छ भांडे शहरच्या दुकानातही मिळणार नाही.

स्टीलचा वाडगा किंवा घरातली जुनी स्टीलची परात ही जेवणासाठी सर्वांत सोयीची. ताकाने, आमसुलाने त्याला काही होत नाही, गरम पाण्याने खळखळून निघते, कुत्र्याने चावले तर दातच दुखतील. एवढेच की ते सावलीत ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हात स्टील इतके तापते की कुत्रा तोंड लावीत नाही आणि आपण म्हणतो त्याला भूक नाही.

जर्मनच्या भांड्यात पाणी चालेल, पण ते हलके असते, पायाने उडते, आणि आंबट ठेवले तर भांडे खाल्ले जाते. जस्ताच्या बादलीचा तुकडा किंवा पन्हळीच्या पत्र्याची कुंडी, यांत ताक किंवा आंबील घालू नये. जस्त आंबटात विरघळते आणि उलट्या होतात. पितळ-तांब्याचे तेच. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्या घरच्या बायकांना शाळेत न जाता ठाऊक होते, म्हणून तर कल्हई लावीत. कल्हईवाला आता क्वचित दिसतो. कल्हई गेलेली, म्हणून माणसांनी वापरायची बंद केलेली पितळी थाळी कुत्र्याला देणे म्हणजे आपल्याला नको ते त्याला देणे. आणि ज्या कारणासाठी आपण ती टाकली तेच कारण त्यालाही लागू आहे.

प्लास्टिकविषयी आमचे मत फारसे चांगले नाही, अगदी नव्या कोऱ्या भांड्याविषयीही. कुत्र्याच्या दाताने त्यावर ओरखडे पडतात, ओरखड्यांत तेलकट अन्न बसते आणि ते घासून निघत नाही. पिल्ले तुकडे चावून गिळतात. मांजरांना त्याने हनुवटीवर पुटकुळ्या येतात, असे गुरांचे डॉक्टर सांगतात. पाण्यापुरते वापरायचेच असेल तर जाड, खाण्याच्या वस्तूंसाठी केलेले घ्यावे आणि ओरखडे पडले की बदलावे.

आकाराचेही सांगितले पाहिजे. कुत्र्याला रुंद तोंडाचे, बसक्या बुडाचे. मांजराला उथळ ताटली. खोल वाटीत तोंड घालताना त्याच्या मिशा कडांना घासतात, ते त्याला आवडत नाही, म्हणून ते घास बाहेर काढून जमिनीवर खाते आणि आपण त्याला घाणेरडे म्हणतो. अरुंद तोंडाचा डबा कोणालाच देऊ नये. २०१५ साली राजस्थानच्या राजसमंद जिल्ह्यात पाण्यासाठी गावात आलेल्या एका बिबट्याचे डोके धातूच्या हंड्यात अडकले होते. वनखात्याच्या माणसांनी त्याला गुंगीचे औषध देऊन हंडा कापून काढला. बिबट्याचे जे होते ते गल्लीतल्या कुत्र्याचे बरणीत नेहमीच होते, फक्त त्याची बातमी होत नाही. आणि घरात पिल्ले असतील किंवा कोंबडीची पिले फिरत असतील तर पाण्याच्या भांड्यात चार-पाच धुतलेले गोटे टाकून ठेवावेत. दोन बोटे पाण्यातही पिलू बुडते.

पाणी किती? पंधरा किलोच्या साध्या गावठी कुत्र्याला दिवसाला सुमारे पाऊण ते एक लिटर, उन्हाळ्यात किंवा पिल्ले पाजीत असेल तर त्याहून अधिक. वाटीभर पाणी सकाळी ठेवून दिवसभर शेतावर जाणाऱ्यांनी हा हिशेब करावा. तहानलेला कुत्रा मोरीचे पाणी पितो, शेताच्या बांधावर पंप धुतलेल्या डबक्यात तोंड घालतो. म्हणजे चांगल्या भांड्यात पुरेसे पाणी ठेवणे हाही विषबाधा टाळण्याचाच एक मार्ग.

भांडे कोठे ठेवता याला भांड्याइतकेच महत्त्व आहे. उरलेला भात रात्री अंगणात उघडा राहिला की उंदीर येतात. उंदीर खातात आणि तेथेच मुततात. आपल्या भागात आणि विशेषतः गोव्यात व कोकणात पावसाळ्यात जो लेप्टोचा ताप येतो, तो अशाच मुताने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून, पायाच्या भेगांवाटे आणि जखमांवाटे शिरतो. कुत्र्यालाही तो होतो, आणि आजारी कुत्र्याच्या मुतातूनही पसरतो. तेव्हा रात्री जेवण झाले की भांडे उचलावे, धुवून पालथे घालावे. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्याला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर दुखण्यावर गोळी घेऊन बसू नये. डॉक्टरांना ‘भातशेतात काम केले, घरी उंदीर आहेत’ हे आपण होऊन सांगावे. वेळेवर ओळखला तर हा ताप साध्या औषधांनी बरा होतो.

मुलांच्या वाटेत, दाराच्या उंबऱ्याशी भांडे नसावे. एरवी गरीब असलेला कुत्राही जेवताना कोणी जवळ आलेले सहन करीत नाही. रांगते मूल भाताकडे जाते, कुत्रा गुरगुरतो, मूल हात पुढे करते. असे चावणे घरच्याच कुत्र्याचे असते, म्हणून लोक हळद लावून गप्प बसतात. तसे करू नये. घरचा असो की गल्लीतला, दात लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, चुना, मिरची, हळद काही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगाला उपाय उरत नाही. कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घेणे हे तर भांड्याच्याही आधी.

धुण्याची घासणी निराळी, जागा निराळी. यात शिवाशीव नाही, जंतांचा प्रश्न आहे. सणाला बकरे कापले की फुप्फुस, यकृत यांचे कच्चे तुकडे कुत्र्यापुढे टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या अवयवांत कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून त्याच्या केसांवर, तोंडावर, भांड्यावर येतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात नि फुप्फुसात वाढतात. वर्षानुवर्षे कळत नाही, मग शस्त्रक्रिया. म्हणून द्यायचेच असेल तर चांगले उकडून द्यावे, गाठी दिसल्या तर पुरावे. आणि मुलांनी लाडाने आपल्या ताटलीत कुत्र्याला खाऊ घालणे थांबवावे, हे आम्हांला गोड वाटत नसले तरी सांगावे लागते.

डासांचे एका वाक्यात. पाण्याचे भांडे रोज ओतावे आणि आठवड्यातून एकदा आतून घासावे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात.

मुंग्यांना उपाय जुनाच आहे: मोठ्या ताटलीत पाणी घालून त्यात जेवणाचा वाडगा ठेवावा. भांड्याभोवती मुंग्यांची पावडर टाकणारे आम्हांला भेटले आहेत. त्या पावडरीच्या पाकिटावरचा त्रिकोण त्यांनी एकदा पाहावा.

आणि कुत्र्याला विषबाधा झालीच तर? तोंडात दूध, तूप, ताक, मिठाचे पाणी ओतू नये. थरथरणाऱ्या जनावराच्या ते श्वासनळीत जाते. अंगावर औषध सांडले असेल तर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून साबणाच्या पाण्याने धुवावे. ताबडतोब गुरांच्या डॉक्टरांना फोन करावा आणि डबा किंवा त्याची चिठ्ठी बरोबर न्यावी. वर सांगितलेल्या वर्गाच्या विषावर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन आहे आणि वेळेत मिळाले तर जनावर उठून उभे राहते. आम्ही चिठ्ठी फेकून दिली होती.

एक आक्षेप राहिला. माणसे उपाशी असताना कुत्र्याच्या थाळीची चर्चा कसली, असे एका ज्येष्ठ वाचकांनी आम्हांला तोंडावरच विचारले. प्रश्न रास्त आहे. शहरात कुत्र्यासाठी स्टँडवरच्या महागड्या थाळ्या विकतात, त्या घ्या असे आम्ही म्हणत नाही. गावच्या कुत्र्याला जमिनीवरची परात पुरते. पण आम्ही सांगतो त्यात खर्च कोठे आहे? करवंटी फुकट, परात घरातलीच, परळ मडक्याबरोबर बाजारातून येतो. आणि ज्या कुंडीत कोंबडी पाणी पिते तिची अंडी आपणच खातो. संत रॉक यांची मूर्ती पुष्कळांनी पाहिली असेल. प्लेगने आजारी होऊन ते रानात पडले तेव्हा एक कुत्रा तोंडात भाकर धरून त्यांच्याकडे येत असे, म्हणून त्यांच्या पायाशी तो कोरलेला असतो. १६ ऑगस्टला आपण त्यांचा सण करतो. तोबितच्या ग्रंथातल्या तरुणाबरोबरही त्याचा कुत्रा सगळी वाट चालतो. शेतकऱ्याच्या घरी रात्रभर जागणाऱ्या प्राण्याला त्या मानाने फार काही मागायचे नाही.

१७ जानेवारीला संत अंतोनी मठाधिपतींच्या सणाला काही ठिकाणी गुरेढोरे आशीर्वादासाठी आणतात. आमच्या मनात असे आहे की त्याच्या आदल्या शनिवारी प्रत्येक घराने गोठा, माळा, विहिरीचा काठ आणि परसू फिरून औषधाचे सारे कॅन एका जागी गोळा करावेत, भोके पाडावीत, आणि कृषी खात्याच्या कचेरीत किंवा दुकानदाराकडे ते परत घेतात का हे चार जणांनी मिळून जाऊन विचारावे. एकट्याने विचारले की उत्तर मिळत नाही, हा आमचा अनुभव आहे. घेत नसतील तर एक सामाईक खड्डा, पाण्यापासून लांब.

आमच्याकडे टिपूनंतर आलेल्या कुत्रीला आम्ही जुनी स्टीलची परात दिली आहे आणि पाण्याला खानापूरचा परळ. ती दोन्हींवर खूश आहे. मांजराला मात्र खास उथळ ताटली आणली, तर ते अजून तुळशीजवळच्या कुंडीखालच्या बशीतलेच पाणी पिते. शेवटी आम्ही ती बशीच रोज घासू लागलो.